'नॅनो' कॅप्सूल गिळून इम्युनोथेरपी होत नाही

व्हॉट्सॲपवर एक मजकूर जोरात फिरतोय. शास्त्रज्ञांनी म्हणे नॅनोकणांतून, म्हणजे अतिसूक्ष्म कणांतून, पोषकद्रव्ये देऊन कर्करोगावरची इम्युनोथेरपी (शरीराच्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगाशी लढायला लावणारा उपचार) कैक पटींनी प्रभावी केली. तेव्हा अर्जिनिन (प्रथिनांचा एक घटक), बीटा-कॅरोटिन (गाजरातलं नारिंगी द्रव्य) आणि हळदीची 'नॅनो' कॅप्सूल रोज घ्या, इम्युनिटी वाढवा आणि लाखोंची इंजेक्शनं विसरा. यातला पहिला भाग अगदीच हवेतला नाही, म्हणून तर बाकीचा खपतो.

कर्करोगाच्या गाठीच्या आत अन्नावरून मारामारी चालते. ग्लुकोज, ग्लुटामिन यांसारखी पोषकद्रव्यं कर्कपेशी फस्त करतात आणि आसपासच्या काही पेशी अर्जिनेज हे विकर सोडून अर्जिनिन तोडून टाकतात. लढायला आलेल्या टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) तिथे उपाशी राहून ढेपाळतात. भरपूर अर्जिनिन मिळालेल्या टी-पेशी उंदरांमध्ये जास्त तगल्या आणि गाठीशी अधिक नेटाने लढल्या, हे २०१६ साली दिसलं. पोषकद्रव्य नॅनोकणात भरून थेट या पेशींपर्यंत न्यायचं, ही कल्पना इथली. काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेत आणि उंदरांवरच आहे.

'मग कॅप्सूलनेही तेच होईल ना?' नाही. गिळलेल्या अर्जिनिनचा बराच वाटा आतडं आणि यकृतच संपवतं. उरलेलं रक्तातून सगळीकडे जातं, गाठीकडेसुद्धा. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांचीही कथा फार वेगळी नाही. दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा आढावा २०१६ मध्ये निघाला, त्यात गाठीपर्यंत पोहोचलेल्या मात्रेचा मध्यांक होता ०.७ टक्के. डबीवर 'नॅनो' छापल्याने औषधाला पत्ता सापडत नाही.

'साधं पोषणच आहे, अपाय काय होणार?' मला सगळ्यात खटकतो तो हा मुद्दा. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात कित्येक दशकं वापरात असलेलं ॲस्पॅरजिनेज हे औषध कर्कपेशींना हवं असलेलं ॲस्पॅरजिन रक्तातून काढून घेतं. म्हणजे तिथे उपासमार हाच उपचार. अर्जिनिनचंही तसंच. फुप्फुसाच्या आवरणाच्या एका कर्करोगात, मेसोथेलिओमात, केमोसोबत अर्जिनिन घटवणारं औषध दिल्यावर जगण्याचा मध्यांक ७.७ वरून ९.३ महिन्यांवर गेला. कुठल्या गाठीला काय पोसतं, हे कॅप्सूल विकणाऱ्याला कुठून कळणार? आणि बीटा-कॅरोटिन? फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपानी पुरुषांवर त्याची आणि ई-जीवनसत्त्वाची चाचणी झाली. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग घटला नाही, उलट १८ टक्क्यांनी वाढला. हे १९९४ सालीच प्रसिद्ध झालंय.

'इम्युनिटी वाढवली की झालं' हेही चूक. जेम्स ॲलिसन आणि तासुकु होंजो यांना २०१८ चं नोबेल मिळालं ते टी-पेशींवरचे ब्रेक काढता येतात, हे दाखवल्याबद्दल. ब्रेक सुटले की त्याच पेशी कधी आतड्यावर, थायरॉइडवर, फुप्फुसावरही उलटतात. म्हणून हे उपचार देखरेखीखालीच चालतात.

राहिला खर्चाचा मुद्दा. तो मात्र खराच आहे, पण त्यावरचं उत्तर मुंबईत टाटा मेमोरियलने शोधलं. डोके-मानेच्या बळावलेल्या कर्करोगात निव्होलुमॅब या टी-पेशींचे ब्रेक काढणाऱ्या इंजेक्शनची दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, इतकी मात्रा त्यांनी स्वस्तातल्या गोळ्यांच्या केमोला जोडली. वर्षभर जगलेल्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ टक्क्यांवर गेलं. तो व्हॉट्सॲपचा मजकूर कुणी पुढे पाठवला, तर त्यांना ही चाचणी पाठवा.