आत्याची गोधडी

आमच्या जळगावच्या घरात एसीची तब्येत कळते ती आत्याच्या गोधडीवरून. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आत्या माहेरी येते, सांजोऱ्या खाते, आमरसावर आडवी होते आणि एसी लावला की पाच मिनिटांत गोधडी मागते. यंदा पारा ४५ ला टेकलेला, एसी सकाळपासून घरघरतोय, आणि गोधडीची घडी काही मोडेना.

"माले आता गोधडी लागत नही," आत्या म्हणाली. मला वाटलं, वयानं काटक झाली.

खुणा तशा आधीपासूनच होत्या. रिमोटवर २४ चे २० झाले, २० चे १६. सोळावर ठेवल्यानं खोली लवकर गार होत नाही, नुसता कॉम्प्रेसर दम न खाता पळतो, हे मला ठाऊक आहे. पण घामाघूम माणसाला ज्ञान उपयोगी पडत नाही. सुरू केला की ओल्या पोत्यासारखा वास यायचा. तो मी शेजारच्या गोठ्याच्या नावावर टाकला. मग भिंतीवरून पाणी उतरू लागलं. बायकोनं बादली लावली. "गार करतोय म्हणून तर पाणी सुटतंय," मी म्हणालो. पाणी सुटतं हे खरं, फक्त ते नळीतून बाहेर जायचं असतं, आपल्या उशीवर नाही.

कळस झाला रविवारी. झाकण उघडून पाहतो तर आत कॉइलवर पांढराशुभ्र बर्फ! मी घरभर बोलावून दाखवला. जळगावात, मे महिन्यात, आमच्या भिंतीवर हिमालय. पोरानं फोटोसुद्धा काढले.

"तासाभरात येतो" म्हणालेला मेकॅनिक तिसऱ्या दिवशी आला. बर्फाचं कौतुक त्याला शून्य. हवा कोंडली की कॉइल गोठते, म्हणाला, कधी गॅस कमी असला तरी गोठते; आधी बंद करून वितळू द्यायचा. मग त्यानं जाळी उपसली. वैशाखातल्या वावटळी, समोरच्या रस्त्याची माती आणि गच्चीवर पाखडलेल्या वर्षाच्या गव्हाचा कोंडा, सगळं तिच्यावर एकजीव होऊन बसलेलं.

"भाऊ, हाई जाळी शे का गोधडी?"

दर पंधरा दिवसांनी नळाखाली धुवायची, सावलीत वाळवायची, एवढंच काम होतं. पाण्याच्या नळीतून बोटभर काळा गाळ निघाला. गॅस ठीक होता. मग तो गच्चीवर गेला. बाहेरच्या युनिटपुढे कुरडया वाळत होत्या आणि त्यांना धूळ लागू नये म्हणून मीच युनिटच्या तोंडावर जुनी साडी बांधली होती. आतली उष्णता तिथूनच बाहेर पडते. त्यानं माझ्याकडे पाहिलं, साडी सोडली आणि एक कुरडई मोडून तोंडात टाकली.

रात्री २४ वर लावला. दहा मिनिटांनी अंधारातून आवाज आला, "पोरा, गोधडी दे रे."

मी आनंदानं उठलो, घडी मोडली, आत्याच्या पायांवर पांघरली. आणि लाइट गेली.