आसिया जेबार आणि ‘सावत्र’ फ्रेंच : एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फ्रेंचमध्ये लिहिणाऱ्या अल्जीरियन लेखिका आसिया जेबार यांच्यावरील माझ्या लेखाला आपण दोन आक्षेप घेतले आहेत. ज्या फ्रेंचांनी अल्जीरिया १३२ वर्षे ताब्यात ठेवला त्यांच्याच भाषेत लिहून या बाईंनी पॅरिसच्या फ्रेंच अकादमीत, म्हणजे फ्रेंच भाषेची राखण करणाऱ्या मानाच्या संस्थेत, जागा मिळवली, हा पहिला. आणि ज्या बायकांविषयी त्यांनी लिहिले त्यांतल्या बहुतेकींना ती पुस्तके वाचताच येत नव्हती, हा दुसरा. दुसरा आक्षेप मला अधिक वजनदार वाटतो, म्हणून आधी तोच घेतो.

तो स्वतः जेबार यांनाही टोचत होता. १९६७ नंतर थेट १९८० पर्यंत त्यांची एकही कादंबरी वा कथासंग्रह निघाला नाही. मधल्या काळात त्या कॅमेरा घेऊन शेर्शेल या आपल्या जन्मगावाजवळच्या शेनुआ डोंगरात, आईकडच्या मुलखात गेल्या आणि स्वातंत्र्ययुद्धात काय सोसले ते तिथल्या बायकांना त्यांच्याच बोलीत सांगू दिले. त्या चित्रपटाला १९७९ मध्ये व्हेनिसला समीक्षकांचा पुरस्कार मिळाला. पण ऐकण्या-पाहण्यासाठी अक्षरओळख लागत नाही, ही गोष्ट मला पुरस्काराहून मोठी वाटते.

मग त्या पुन्हा फ्रेंचकडे का वळल्या? याचे उत्तर १९८५ च्या ‘लामूर, ला फांताझिया’ या कादंबरीत आहे. जून १८४५ मध्ये अल्जीरियातल्या दाहराच्या गुहांत बायकामुले आणि गुरेढोरे घेऊन लपलेल्या उलाद रियाह जमातीला फ्रेंच सैन्यातल्या कर्नल पेलिसिए याने गुहेच्या तोंडाशी आगी पेटवून धुराने गुदमरवून मारले, आणि मग त्याचा तपशीलवार अहवाल वरिष्ठांना पाठवला. त्या अहवालाबद्दल पेलिसिएचे आभार मानावेसे वाटतात, असे जेबार लिहितात. हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा पुस्तक मिटून ठेवले होते. मेलेल्यांची लेखी साक्ष मारणाऱ्याच्याच कागदात उरली होती; त्या कागदाची उलटतपासणी घ्यायची, तर त्याची भाषा त्याच्याहून चांगली यावी लागते.

आता पहिला आक्षेप. फ्रेंच आपली मायबोली आहे असे जेबार कधीच म्हणाल्या नाहीत. तिला त्यांनी सावत्र आई म्हटले. फ्रेंच शिकवणाऱ्या वडिलांचे बोट धरून त्या शाळेत गेल्या हे खरे, पण १९५६ मध्ये अल्जीरियन विद्यार्थ्यांच्या संपात उतरून पॅरिसमधल्या परीक्षेवर पाणी सोडणाऱ्याही त्याच होत्या. २००६ मध्ये अकादमीत स्वागत झाले तेव्हा, त्याच सभागृहात, वसाहतवाद ही एक प्रचंड जखम होती असे त्यांनी सांगितले.

त्याच कादंबरीच्या शेवटी एक तुटलेला हात येतो. फ्रेंच सैन्याने लगुआत हे अल्जीरियातले वाळवंटाकाठचे गाव जिंकल्यानंतर तिथे गेलेल्या फ्रोमांतां या चित्रकार-लेखकाला वाटेत एका अनाम अल्जीरियन बाईचा हात पडलेला दिसला. त्याने तो उचलला आणि पुन्हा टाकून दिला. जेबार तो हात हातात घेतात आणि त्याला कलम धरायला लावण्याचा प्रयत्न करतात.