मशीन चालतंय ना? मग तुमचं काय जातंय?

आमच्याकडचं वॉशिंग मशीन १९९७ सालचं आहे. सेमी ऑटोमॅटिक, दोन टबांचं. एकात धुवायचं, दुसऱ्यात म्हणजे ड्रायरमध्ये पिळायचं. एवढं सांगितलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर जे एक समजूतदार हसू येतं ना, ते बघून माझं टाळकंच सरकतं. "अजून वापरता?" अहो, वापरते म्हणजे काय? चालतंय म्हणून वापरते! रोज सकाळी कपडे धुतं, पिळतं आणि झालं की बझर वाजवून हाक मारतं. वॉशिंग मशीनने याहून जास्त काय करावं? संध्याकाळी शुभंकरोति म्हणावी?

गेल्या महिन्यात ड्रायरच्या खालून पाणी गळायला लागलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. ड्रायरच्या टबाचा दांडा खालच्या मोटरपर्यंत जातो आणि तो जिथून खाली उतरतो तिथे एक रबरी सील असतं, घड्या घातलेलं. ते फाटलं की पिळून निघालेलं पाणी नळीतून बाहेर जायच्या ऐवजी दांड्यावरून ओघळत थेट मोटरवर. वेळेत बदललं तर शे-दीडशे रुपयांचं काम. नाही बदललं तर मोटर जळणार. म्हणजे घाई होती, म्हणून शहाण्यासारखा कंपनीच्या कस्टमर केअरला फोन लावला. कंपनीचं नाव लिहीत नाही. सगळ्या एकाच माळेचे मणी आहेत, एकीलाच का प्रसिद्धी द्यायची?

आधी मराठीसाठी एक दाबा, मग तक्रारीसाठी चार दाबा, मग थांबा, आपला कॉल महत्त्वाचा आहे. हे सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी एक मुलगा आला. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, खिशाला टेस्टर. मशीनकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही. पहिला प्रश्न, "मॅडम, मॉडेल नंबर?" स्टिकर पाण्याने केव्हाच धुऊन निघालंय. त्याने मोबाइलवर काहीतरी टाइप केलं, अंगठ्याने वर-खाली केलं आणि म्हणाला, "सिस्टिममध्ये ऑब्सोलिट दाखवतंय." म्हणजे कालबाह्य, कंपनीच्या लेखी बाद.

मी म्हटलं, बाळा, सिस्टिम राहू दे, मागचं झाकण उघड. चार स्क्रू आहेत. सील बघ, त्याचं माप घे.

"तसं नाही चालत मॅडम. पार्ट नंबर लागतो."

नाहीच उघडलं त्याने. टेस्टर खिशातच राहिला, दागिन्यासारखा. वर मला ज्ञान, "एवढं जुनं मशीन वापरणं डेंजरस असतं, शॉक बसू शकतो." अरे मग तपास की! पाणी मोटरवर पडतंय म्हणून तर तुला बोलावलं. बॉडीला टेस्टर लाव, अर्थिंग आहे का बघ, वायरवरचं आवरण उंदराने कुरतडलंय का बघ. यातलं काही केलं असतंस आणि मग म्हणाला असतास की काकू, वापरू नका, तर मी हात जोडले असते. नाही. धोका आहे हे त्याला मोबाइलवरून कळलं! पाच मिनिटांत व्हिजिट चार्ज, वर १८ टक्के जीएसटी, आणि बॅगेतून नव्या मशीनचं माहितीपत्रक. एक्स्चेंज ऑफर आहे म्हणे, जुन्याचे हजार रुपये मिळतील. म्हणजे दुरुस्तीला आलेला माणूस मुळात विक्रीला आला होता. आणि त्याच्या येण्याचे पैसे मी भरले!

त्या पोराला तरी काय बोलू? त्याला कुणी मशीन उघडायला शिकवलेलंच नाही. चीड येते ती या सगळ्या व्यवस्थेची.

बरं, या मशीनच्या पोटात असं आहे तरी काय? दोन मोटरी, एक बेल्ट, कपॅसिटर आणि किल्लीच्या घड्याळासारखे चालणारे दोन टायमर. ड्रायरचं झाकण उघडलं की टब थांबवणारा एक ब्रेक. संपलं. चिप नाही, इलेक्ट्रॉनिक सर्किटचं कार्ड नाही, सेन्सर नाही. पंजाबात ढाब्यांवर याच मशीनमध्ये लस्सी घुसळतात. ज्या यंत्रात लस्सी होते ते दुरुस्त करायला कुठली सिस्टिम लागते?

आणि मी हे का सोडत नाही, याचं कारण जिव्हाळा वगैरे अजिबात नाही. मला मशीनचा लळाबिळा नाही. कारण आहे पाणी. आमच्याकडे सकाळी तासभर पाणी येतं, उन्हाळ्यात त्याचीही खात्री नाही. आम्ही सगळ्यात वरच्या मजल्यावर, टाकी आमच्या डोक्यावरच. म्हणजे नळाला प्रेशर कसलं, धार सुद्धा धड पडत नाही. फुल्ली ऑटोमॅटिक मशीनला पाणी स्वतः ओढून घेता येत नाही, त्याला नळातून जोर लागतो. टाकी नळापासून तीनेक मीटर तरी उंच हवी. नाहीतर मशीन स्क्रीनवर एक इंग्रजी अक्षर आणि एक आकडा दाखवून रुसून बसतं. त्यावर दुकानदाराकडे उपाय तयार, "मॅडम, प्रेशर पंप बसवून घ्या." म्हणजे मशीनसाठी मशीन!

माझ्या मशीनला मी बादलीने पाणी घालते. घालता येतं! आणि तेच साबणाचं पाणी आधी पांढऱ्या कपड्यांना, मग रंगीत, मग पायपुसणी. उरलेलं बाल्कनी धुवायला. फुल्ली ऑटोमॅटिक टॉप लोड एका वेळच्या धुण्याला शंभर लिटरच्या पुढे सहज जातं आणि प्रत्येक वेळी सगळं गटारात. महाराष्ट्रात कित्येक गावांना मे महिन्यात टँकर लागतो आणि इथे ‘स्मार्ट’ कुणाला म्हणायचं, तर पाणी एकदा वापरून फेकणाऱ्याला. धन्य आहे.

मुलगा बंगळुरात असतो. त्याचं सारखं चालू, "आई, वायफायवालं घे, कपडे झाले की फोनवर मेसेज येतो." अरे, मशीन मोरीत आहे आणि मी स्वयंपाकघरात. बझर तिसऱ्या मजल्यावर ऐकू जातो. मेसेज कशाला हवाय मला?

मान्य, ओले कपडे उचलून ड्रायरमध्ये टाकावे लागतात. सोलापुरी चादर भिजली की पाठ बोलते. सध्या खालची पट्टीही गंजलीय. पण म्हणून फेकायचं?

आता नव्याची गोष्ट ऐका. शेजारच्या वहिनींनी दोन-अडीच वर्षांपूर्वी घेतलं, चकचकीत, काचेच्या झाकणाचं. वर मोठ्या अक्षरांत ‘मोटरवर १० वर्षं वॉरंटी’. वहिनी खूश. मशीन बंद पडलं तेव्हा कळलं की मोटर ठणठणीत आहे, कार्ड गेलंय. कार्डाची वॉरंटी दोन वर्षं. पाल शिरली असेल, दमट हवा लागली असेल, व्होल्टेज वर-खाली झालं असेल, कारण कुणी सांगत नाही. नवं कार्ड साडेपाच हजार, शिवाय ‘स्टॉकमध्ये नाही, वेअरहाऊसवरून मागवावं लागेल’. किती हुशार लोक आहेत बघा! जे सहसा आधी जातच नाही त्याची दहा वर्षं हमी आणि जे हमखास जाणार त्याची दोन. हा हिशेब करणाऱ्याला बोनस मिळाला असणार.

युरोपात याच्यासाठी नियम आहे. १ मार्च २०२१ पासून तिथे वॉशिंग मशीन विकायचं असेल तर त्या मॉडेलचं शेवटचं मशीन बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं सुटे भाग मिळालेच पाहिजेत. आणि मागितल्यापासून १५ कामकाजाच्या दिवसांत पोचले पाहिजेत. नेहमीच्या हत्यारांनी, मशीनची मोडतोड न करता बदलता आले पाहिजेत, हेही लिहिलंय. आपल्याकडे? जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनाच्या मुहूर्तावर, पोर्टल सुरू झालं. पोर्टल! कंपन्यांनी आपली माहिती तिथे द्यावी अशी अपेक्षा. सुटा भाग दिलाच पाहिजे असं कुणाला दटावणारा कायदा मात्र नाही.

बरं, नियम करता येत नाहीत असंही नाही. ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. त्यात वॉशिंग मशीन आहे, उत्पादकाने किती कचऱ्याचं रिसायकलिंग करवून घ्यायचं याची उद्दिष्टं आहेत, प्रमाणपत्रं आहेत. म्हणजे तिरडीची सोय चोख, औषधपाण्याचं नाव नको. आणि ते एक्स्चेंजमध्ये गेलेलं मशीन खरंच कुठे जातं, हे कधी भंगारवाल्याच्या वखारीत जाऊन बघा. हातोड्याने फोडतात. तांबं एका पोत्यात, मोटरचं लोखंड दुसऱ्यात, प्लास्टिकचा टब बाजूला. चांगल्या चालत्या मोटरचा जीव किलोच्या भावात.

तांब्यावरून आठवलं. माझ्या मशीनच्या मोटरी तांब्याच्या तारेच्या आहेत. जळल्या तर रिवाइंडिंगवाला नवी तार गुंडाळून पुन्हा भरून देतो. हल्ली स्वस्तात मिळणाऱ्या कित्येक मोटरींत ॲल्युमिनियमची तार असते. ती भरून द्यायला कारागीर तयारच होत नाही, "काकू, मजुरीसुद्धा सुटत नाही, नवीनच टाका." म्हणजे फेकायची तयारी कारखान्यातच झालेली असते.

सील शेवटी तापकीर गल्लीत मिळालं. हो, पुण्यातल्या विजेच्या सामानाच्या त्याच तापकीर गल्लीत, जिथे गाडी लावायला जागा नाही आणि चालायलाही नाही. तिथल्या एका खोलीएवढ्याही नसलेल्या दुकानात भिंतभर खिळे, खिळ्यांवर बेल्टांच्या माळा, एम-१९, एम-२०, एम-२१ अशा मापांच्या. मी फाटकं सील पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं. दुकानदाराने कंपनी विचारली नाही, मॉडेल विचारलं नाही, साल तर नाहीच नाही. सील बोटांवर ओढून घडी ताणली. आतल्या बाजूला केसाएवढी चीर होती, तिच्यावर नख ठेवून म्हणाला, "इथून गेलंय. साबण साठून रबर कडक झालं." मग मागच्या डब्यातून तीन-चार सीलं काढली, आतलं भोक आपल्या जुन्याशी ताडून बघितलं आणि एक पुढे सरकवलं. "या मॉडेलचं नाही मावशी, पण बसेल. बसवायच्या आधी दांडा पॉलिश पेपरने घासा, गंज राहिला तर हेही फाटेल."

बसलं. आमच्या ओळखीच्या इलेक्ट्रिशियनने दांडा घासून ते बसवलं, मोटर उन्हात वाळवली, नवी अर्थिंगची वायर ओढली आणि मागच्या जाळीला उंदीर शिरू नये म्हणून पत्रा मारला. सगळं मिळून त्या पोराच्या व्हिजिट चार्जपेक्षा थोडेसेच जास्त पैसे झाले. थेंब गळत नाहीये.

मग मला सांगा, त्या दुकानदाराला जे दोन बोटांनी कळलं ते एवढ्या मोठ्या कंपनीला का कळत नाही? कळतं. चांगलं कळतं. दीडशे रुपयांचं सील विकून त्यांचं पोट भरत नाही, म्हणून ते सिस्टिममध्ये दिसत नाही. आणि आपण असे बावळट की ‘ऑब्सोलिट’ ऐकलं की मान डोलावतो, हप्ते बांधतो आणि वर दुसऱ्याच्या मोरीतलं मशीन बघून हसतो. तो दुकानदारही साठीच्या पुढचा आहे. मुलगा दुकानात येत नाही म्हणाला, मोबाइलची कव्हरं विकतो.

आता ब्रेकची वायर करकरायला लागली आहे. झाकण उघडलं तरी टब आपला फिरतच राहतो, हे मात्र लगेच करून घ्यायला हवं. गल्लीत नाही मिळाली तर रविवारी जुन्या बाजारात बघणार आहे. ज्यांना ज्यांना मला ‘नवीन घेऊन टाका’ सांगायचंय त्यांनी त्या दिवशी सकाळी नऊला यावं आणि पिशवी धरावी. येताना पंचवीस हजार रुपये घेऊन आलात तर नवीनही घेईन.