चुना खाऊन शुगर जात नाही हो काका

तळजाईला सकाळी फिरणाऱ्यांच्या ग्रुपवर परत तोच फॉरवर्ड फिरतोय, "इन्सुलिन सुटायला कॅल्शियम लागतं, शुगरवाल्यांना ते कमी असतं, म्हणून गव्हाच्या दाण्याएवढा चुना रोज दह्यातून खा आणि गोळ्या बंद करा." एका काकांनी तर टपरीवरून चुन्याची ट्यूब आणून फोटोपण टाकला, मग म्हटलं लिहूनच टाकू.

पहिलं वाक्य खरंय, गोची तिथेच आहे. स्वादुपिंडातल्या बीटा पेशीत (इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी) ग्लुकोज शिरलं की त्यातून एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, बनतं, ते वाढलं की पोटॅशियमचं दार बंद होतं, पेशीच्या पडद्यावरचं व्होल्टेज बदलतं, मग कॅल्शियमची दारं उघडून ते धाडकन आत घुसतं आणि इन्सुलिनच्या आधीच बांधून ठेवलेल्या पुड्या बाहेर रिकाम्या होतात. पण पेशीच्या बाहेर कॅल्शियम आतल्यापेक्षा साधारण १०,००० पट असतंच की! माल कमी नाहीये, दार उघडत नाहीये. खडकवासला भरलंय पण सोसायटीचा व्हॉल्व्ह बंद आहे, तर धरणात अजून चार टँकर ओतून नळाला पाणी येणार का?

बरं, "कॅल्शियम कमी असतं" म्हणे. काकांचाच रिपोर्ट बघितला, कॅल्शियम ९.४, एकदम नॉर्मल, आणि उपाशीपोटी शुगर १६८. रक्तातलं कॅल्शियम शरीर साधारण ८.५ ते १०.५ मध्येच धरून ठेवतं, कमी खाल्लं तर हाडातून काढतं, जास्त खाल्लं तर बरंचसं शोषतच नाही.

आणि एक गंमत. इन्सुलिनोमा नावाची गाठ शोधायला डॉक्टर स्वादुपिंडाच्या रक्तवाहिनीत थेट कॅल्शियम सोडतात, गाठीतून भसाभसा इन्सुलिन येतं पण धडधाकट बीटा पेशी ढिम्म असतात, ही टेस्ट चालते ती याच फरकावर. तिथे थेट सोडून काही होत नाही, तर दह्यातून काय होणार?

सगळ्यात डेंजर ते "गोळ्या बंद करा". काका घेतात ग्लिमेपिराइड, जी नेमकं तेच पोटॅशियमचं दार बंद करते. म्हणजे कॅल्शियम खरंच आत घालणारी गोळी सोडायची आणि चुना चाटायचा! टाइप १ वाल्याने हे वाचून इन्सुलिन बंद केलं तर दोन दिवसांत आयसीयू, त्याच्या बीटा पेशीच जवळपास संपलेल्या असतात.

काकूंचा आत्ताच मेसेज आला, काकांचं तोंड सोललंय.