सर्क्युलर सॉ आणि सरळ पट्टी पुरेशी आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सुतारकाम आणि बांधकाम करणाऱ्यांना अलीकडच्या खरेदीत कोणती अवजारं मनापासून आवडली, या लेखावर तुम्ही सविस्तर आक्षेप लिहिलेत, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ट्रॅक सॉचं (रुळासारख्या ट्रॅकवर सरकणाऱ्या करवतीचं) काम सर्क्युलर सॉ (हातात धरायची गोल पात्याची करवत) आणि एक सरळ पट्टी करते. इम्पॅक्ट ड्रायव्हर (टोले देत स्क्रू आवळणारं यंत्र) स्क्रू मोडतो, फर्निचरमध्ये त्याला जागा नाही. धार लावायचा तेलाचा दगड पिढ्यान्‌पिढ्या चालत असताना डायमंड प्लेट (हिऱ्याचे कण बसवलेली धार लावायची पट्टी) कशाला? धूळ ओढणारं यंत्र हे तर अवजारच नव्हे. आणि हात तयार असेल तर यातलं काहीच लागत नाही, मग यातलं एकच घ्यायचं तर कोणतं, हे तरी सांगा.

हात तयार हवाच. पण काही चुका हाताच्या नसतात, मांडणीच्या असतात, आणि त्या कितीही सराव केला तरी जात नाहीत. ट्रॅक सॉ हे त्याचं चांगलं उदाहरण आहे.

सर्क्युलर सॉचे दाते खालून वर येत कापतात, म्हणून चिरफळ्या वरच्या बाजूला निघतात. प्लायवरचं व्हिनियर, म्हणजे वरचा लाकडी थर, फार पातळ असतं. लाकडाच्या तंतूंना आडवा काप घेताना त्याला वरून दाब नसेल तर ते उचकटणारच. ट्रॅकच्या कडेला जी रबरी पट्टी असते ती पहिल्याच कापात करवत स्वतः छाटून घेते. त्यानंतर पट्टीची कड म्हणजेच कापाची रेषा. खुणेवर कड ठेवायची आणि कापायचं. तीच पट्टी तंतू दाबूनही धरते. नुसती सरळ पट्टी लावून कापताना मात्र पात्यापासून करवतीच्या बेसच्या कडेपर्यंतचं अंतर दर वेळी मोजून वजा करावं लागतं. शिवाय पट्टी करवतीला एकाच बाजूने अडवते, दुसऱ्या बाजूला ती भरकटू शकते. दोन मीटरच्या कापात मनगट जरा फिरलं की काप वाकडा.

तरीही तुमच्या मुद्द्यात तथ्य आहे, कारण पट्टीचीच सुधारलेली आवृत्ती घरी करता येते. 6 मिमी प्लायचा साधारण 300 मिमी रुंद आणि हवा तेवढा लांब तुकडा घ्या. त्यावर 12 मिमी प्लायची 80 ते 100 मिमी रुंद पट्टी चिकटवा, तिची कारखान्यात कापलेली कड आतल्या बाजूला ठेवून. गोंद पुरता वाळल्यावर करवतीचा बेस त्या कडेला टेकवून एकदा चालवा, म्हणजे खालचा 6 मिमीचा भाग पात्याच्या रेषेत छाटला जाईल. आता हीच कड खुणेवर ठेवायची. क्लॅम्प लावताना तो मोटरच्या वाटेत येणार नाही हे आधी करवत बंद ठेवून सरकवून पाहा, यासाठीच वरच्या पट्टीमागे क्लॅम्पपुरती जागा सोडलेली बरी. महिन्यातून चार कपाटं करणाऱ्याला हे भागू शकतं. त्याच्या मर्यादा एवढ्याच: कापाची खोली 6 मिमीने कमी होते, वेगळ्या जाडीचं पातं बसवलं की कड खोटी ठरते, आणि करवत पट्टीपासून दूर सरकण्याचा धोका तसाच राहतो.

ट्रॅक सॉ घेऊन जे नाराज होतात, त्यांनी बहुधा तो जुळवून घेतलेला नसतो. बेसवरच्या फिरत्या बटणांनी ट्रॅक आणि करवत यांतली ढिलाई काढायची. करवत सहज सरकावी, पण बाजूला हलू नये. खोली फळीच्या जाडीपेक्षा सुमारे 3 मिमी जास्त ठेवायची. काही करवतींच्या मोजपट्टीत ट्रॅकची जाडी धरलेली असते, काहींच्या नसते, तेव्हा टाकाऊ तुकड्यावर एकदा खात्री करून घ्या. प्लायसाठी 48 दाती पातं योग्य, पण त्याच पात्याने जाड भरीव लाकूड उभं चिरायला गेलात तर भुसा दात्यांत साचून कड करपते. तिथे कमी दात्यांचं पातं लागतं. रबरी पट्टी फक्त ट्रॅकखालची बाजू सांभाळते. पलीकडचा तुकडाही वापरायचा असेल तर आधी 1 ते 2 मिमी खोलीचा काप घ्या, मग पूर्ण खोलीचा.

दोन ट्रॅक जोडून लांब काप घेताना सर्वांत जास्त घोळ होतो. जोडपट्टीचे स्क्रू आवळताना ट्रॅक किंचित वाकतात आणि डोळ्याला ते कळत नाही. तपासायची रीत सोपी आहे. ट्रॅकच्या कडेने बारीक रेषा ओढा. मग ट्रॅक अर्धा फिरवा, म्हणजे डावं टोक उजवीकडे येईल, आणि तीच कड त्याच दोन टोकबिंदूंवर ठेवून दुसरी रेषा ओढा. मधे जी फट दिसेल ती खऱ्या चुकीच्या दुप्पट. गुण्या तपासायचीही हीच पद्धत: सरळ कडेला टेकवून एक रेषा, उलटवून त्याच बिंदूतून दुसरी. 300 मिमीवर अर्धा मिलिमीटर फट दिसली तर गुण्या पाव मिलिमीटर चुकतोय.

अरुंद आणि एकसारख्या पट्ट्या ढिगाने कापायच्या असतील तर टेबल सॉच (मेजात पातं बसवलेली करवत) चांगला, त्यावर माझा वाद नाही. ट्रॅकखाली पुरेशी फळी नसली की तो डुगडुगतो. तेवढ्यापुरतं त्याच जाडीचा दुसरा तुकडा शेजारी ठेवून काम भागवता येतं.

इम्पॅक्ट ड्रायव्हर स्क्रू मोडतो हे खरं, आणि त्याचं कारण त्याच्या रचनेत आहे. त्यात क्लच, म्हणजे ठरावीक जोरानंतर आवळणं थांबवणारा भाग, नसतो. आतली हातोडी फिरण्याच्या दिशेने टोले देते, त्यामुळे बिट खाचेतून निसटत नाही आणि मनगटाला झटका बसत नाही; पण डोकं बसल्यावर थांबायचं कुठे, हे यंत्राला कळत नाही. म्हणून पार्टिकल बोर्ड, एमडीएफ, बिजागऱ्यांचे छोटे स्क्रू यांत तो वापरू नये. तिथे क्लच असलेला ड्रिल ड्रायव्हर कमी आकड्यावर ठेवा आणि शेवटचा अर्धा फेरा हाताने द्या. पितळी स्क्रूसाठी आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडा, तो काढून पितळी हाताने बसवा. लांब स्क्रू, जाड बत्ते, डेक, छताचा सांगाडा, ही इम्पॅक्ट ड्रायव्हरची खरी जागा.

मात्र मोडलेल्या स्क्रूंपैकी बरेच भोकामुळे मोडतात, ड्रायव्हरमुळे नाही. 4 मिमी स्क्रूला कठीण लाकडात सुमारे 3 मिमी आणि मऊ लाकडात 2.5 मिमी भोक हवं. वरच्या फळीत ते 4 ते 4.5 मिमीचं आरपार असावं. नाहीतर आटे दोन्ही फळ्यांत धरतात, मधली फट मिटत नाही, आणि ती मिटवायला माणूस आवळत राहतो. बिटही पाहून घ्या. स्क्रूच्या डोक्यावर मुख्य फुलीच्या मधे बारीक तिरप्या रेषा असतील तर तो पोझिड्राइव्ह आहे. त्यात फिलिप्स (साध्या फुलीचा) बिट घातला की दोन्ही झिजतात. आणि कानाला संरक्षण हवंच, टोल्यांचा आवाज बंद खोलीत फार असतो.

तेलाचा दगड वाईट नाही. तो मधे खोलगट होतो, एवढीच अडचण आहे, पण ती मोठी आहे. खोलगट दगडावर पटाशीची पाठ सपाट होत नाही, आणि पाठ सपाट नसेल तर पुढची धार कितीही घासा, ती टिकत नाही. दगड नियमित सपाट करणाऱ्याने तोच वापरावा. काचेवर वॉटरपेपर चिकटवून ते होतं. डायमंड प्लेट सपाटच राहते, म्हणून धार लावणं लांबणीवर पडत नाही. 300 ते 400 ग्रिट आणि 1000 ते 1200 ग्रिट (आकडा जास्त तितकी बारीक) अशा दोन पुरतात, पुढचं काम चामड्यावर क्रोमियम ऑक्साइड लावून. पटाशीच्या धारेचा मुख्य उतार 25 अंश, टोकाशी बारीक उतार 30 अंश. नवी प्लेट सुरुवातीला जरा खरखरीत कापते, ते आपोआप कमी होतं. जोर देऊ नका. दाबामुळे हिऱ्याचे कण निकेलच्या थरातून सुटतात आणि मग प्लेट गेलीच. पाण्यात साबणाचा थेंब टाकून वापरा, पुसून कोरडी ठेवा.

धुळीबद्दल मात्र मी अजिबात मवाळ नाही. लाकडाची धूळ माणसात कर्करोग करते, असं वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1995 सालीच केलेलं आहे. जो भुसा झाडूने गोळा होतो तो कमी धोक्याचा. हवेत तरंगत राहतो आणि दिसतही नाही, तो जास्त. साधा घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ मागच्या बाजूने परत खोलीत सोडू शकतो. धूळ ओढणाऱ्या यंत्रांचे वर्ग असतात: एम वर्गाचं यंत्र 99.9 टक्के धूळ धरतं, एल वर्गाचं 99. फिल्टर भरला की ओढ घटते, म्हणून मधे सायक्लोन डबा (हवा गरगर फिरवून भुसा वेगळा करणारा) जोडा. बहुतेक भुसा तिथेच पडतो. सँडरला ओढ चांगली मिळाली की कागदही जास्त टिकतो, कारण तो धुळीने बुजत नाही. आणि यंत्र असलं तरी एमडीएफ कापताना मास्क काढायचा नाही.

आता एकच काय घ्यावं. काम मुख्यतः प्लाय आणि एमडीएफचं असेल तर धूळ ओढणारं यंत्र आधी घ्या आणि कापायला वर सांगितलेली घरची पट्टी करा, ट्रॅक सॉ नंतर पाहू. काम भरीव लाकडाचं आणि हातअवजारांचं असेल तर डायमंड प्लेट. इम्पॅक्ट ड्रायव्हर, तुम्ही फर्निचरच करत असाल तर, यादीत सर्वांत शेवटी ठेवा.