धुराचा रंग तरी बघा रे!

बेचाळीस हजार रुपये मोजून गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बदलला आणि खंबाटकीच्या पहिल्याच चढाला गाडीने मागे तोच काळाकुट्ट लोट सोडला. आरशात बघितलं, तर मागे बाईकवर नवराबायको, मध्ये लहानगं पोर, आणि ती बाई ओढणीने पोराचं तोंड झाकतेय. मान खाली गेली माझी. आणि मग तळपायाची आग मस्तकात गेली, कारण ही वेळ माझ्यावर आणली होती गाडी न बघताच निदान करणाऱ्याने.

गाडी २०१२ची, डिझेल, एक लाख साठ हजार किलोमीटर झालेली. जुनी आहे, मान्य. म्हणून काहीही गळ्यात मारायचं?

तक्रार अगदी साधी होती. सपाटीला काही नाही. चढाला तिसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला की दम तुटतो, बॉनेटखालून फुस्स असा आवाज येतो आणि मागे काळा धूर. गॅरेजवाल्याला हे सगळं सांगितलं. त्याने एक प्रश्न विचारला नाही, घाटात सोडाच, साध्या पुलाच्या चढावरही गाडी नेली नाही. जागेवर दोन रेस दिल्या, हवेचा पाईप काढला, आतून बोट फिरवलं आणि तेलकट बोट माझ्यापुढे धरलं. 'बघा साहेब, टर्बो ऑइल टाकतोय.' मग टर्बोचा पंखा चिमटीत धरून हलवला. 'हलतोय पण. गेला हा.'

अरे, इंजिनच्या ब्रीदरमधून, म्हणजे आतली वाफ सोडणाऱ्या नळीतून, तेलाची वाफ त्याच पाईपात जाते, तो आतून थोडा ओलसर असतोच! आणि टर्बोचा शाफ्ट, म्हणजे पंख्याचा दांडा, फिरतो तेलाच्या पातळ थरावर, मिनिटाला लाखाच्या वर फेरे. इंजिन बंद असताना तो आडवा किंचित हलणारच. पुढेमागे हलला, पंखा केसिंगला घासल्याच्या खुणा दिसल्या, तर म्हणा गेला. ते बघितलं का? नाही.

आणि टर्बो ऑइल टाकत असता तर धूर निळा आला असता ना! काळा धूर म्हणजे डिझेल जास्त, हवा कमी. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गाडी गरम झाल्यावरही पांढरा येतोय आणि कूलंट उतरतंय, तर संशय हेड गॅसकेटवर, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाखालच्या सीलवर. निळ्यातही फरक असतो. सकाळी पहिल्या स्टार्टला एक भपकारा आणि मग साफ, तर आधी व्हॉल्व्हचे सील बघायचे. सिग्नलला दोन मिनिटं थांबून निघताना आला, तर टर्बोवर संशय घ्यायचा, पण तेव्हाही टर्बोतून ऑइल खाली परत जाणारा पाईप तुंबलाय का हे आधी बघायचं. तो तुंबलेला असेल तर नवाकोरा टर्बोही तसंच ऑइल टाकणार. धूर कधी येतो, कुठल्या रंगाचा येतो, एवढं विचारायला काय लागतं? पाच मिनिटं!

दुसऱ्या गॅरेजात स्कॅनर लावला. हवेच्या सेन्सरचा कोड आला. त्याने तो पुसला आणि म्हणाला, 'इंजेक्टर चारही करा, नाहीतर इंजिन खोलू.' इंजेक्टर म्हणजे डिझेल फवारणारे नोझल. पीयूसीत गाडी पास होते हे सांगितलं, तर म्हणे मग तुम्हालाच भास होतोय. पीयूसीची रेस न्यूट्रलमध्ये मारतात हो! इंजिनवर चढाचा लोडच येत नाही, तिथे घाटातला धूर दिसणार कसा?

शेवटी शिरवळजवळच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे गेलो. टेम्पो-ट्रॅक्टर करतात ते. त्यांनी शांतपणे सगळं ऐकलं, फुस्स आवाज कुठल्या बाजूने येतो ते दोनदा विचारलं. मग इनटेकमध्ये, म्हणजे इंजिनच्या हवेच्या वाटेत, बेताने हवा भरली आणि जोडाजोडांवर साबणाचं पाणी शिंपडलं. इंटरकूलर म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, तिच्या खालच्या होजला, म्हणजे रबरी पाईपला, क्लॅम्पच्या अगदी कडेला बुडबुडे. रबर तीन बोटं फाटलेलं. जागेवर ती चीर मिटलेली राहते, टर्बोचा दाब आला की उघडते. सेन्सरने मोजलेली हवा वाटेतच बाहेर, डिझेल मात्र त्या मोजलेल्या हवेच्या हिशोबाने पडतंय. मग काजळी नाही तर काय होणार? होज आणि मजुरी मिळून एकवीसशे रुपये. पाऊण तासाचं काम. त्याच संध्याकाळी घाट चढलो, आरशात मागचा रस्ता स्वच्छ.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गॅरेजात गेलो आणि म्हटलं, माझा जुना टर्बो काढा. त्याने वर न बघता सांगितलं, 'तो भंगारात गेला साहेब.'

भंगारात कसा गेला? चांगला टर्बो होता माझा! कोणाच्या गाडीत बसवलात तो?