पोटात डोकावलेला एकमेव माणूस

माझ्या पोटात काय बिघडलंय, हे त्यात कधीही न डोकावलेल्या प्रत्येकाला पक्कं ठाऊक होतं. मेहुण्याच्या मते जागरण, मावशीच्या मते पित्तप्रकृती, बायकोच्या मते स्वभाव. एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून कॅमेऱ्याची नळी घालून पोट बघणं, ठरली तेव्हा वाटलं, चला, आता कुणीतरी डोळ्यांनी बघून निकाल देईल.

त्याआधी दोन आठवडे पित्ताच्या गोळ्या बंद. पोटात सूज आणणारा एक जंतू असतो; गोळ्या चालू असल्या की तो दडून बसतो आणि तपासणीला हुलकावणी देतो. थोडक्यात, चोर सापडावा म्हणून पहारा उठवायचा. त्या काळात पोटाने जो धिंगाणा घातला तो मला कबुलीजबाबच वाटला, पण डॉक्टरांना पुरावा हवा होता.

त्या दिवशी उपाशीपोटी गेलो. घसा बधिर करायला फवारा मारला. त्याची चव अशी, की घसा आपणहून बधिर झाला असता. डाव्या कुशीवर वळवलं, दातांमध्ये प्लास्टिकचं कडं अडकवलं आणि मग विचारलं, "काही त्रास नाही ना?" १८६८च्या सुमारास कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरने पोट बघायला ताठ नळी वापरली, ती तलवारी गिळणाऱ्या खेळवाल्याच्या घशात घालून. माणूस निवडावा तर असा! माझी नळी लवचिक, करंगळीएवढी. "जाणवणारही नाही" म्हणणाऱ्यांनी ती बाहेरूनच पाहिलेली असते.

आत हवा भरली. चारचौघांत ढेकर देऊ नये हा संस्कार तिथेच संपला. मग बायोप्सीसाठी, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला, बारीक चिमट्याने अस्तराचे तुकडे काढले: पोटाच्या खालच्या भागातून दोन, वरून दोन, मधल्या वळणावरून एक. अजिबात दुखलं नाही. अस्तराला चिमटा काढलेला कळतच नाही म्हणे. एरवी एवढ्यातेवढ्यावरून आकांत करणारं हे पोट!

"काय दिसलं?" मी विचारलं.

"थोडी लाली आहे."

"म्हणजे सूज?"

"बायोप्सी आल्याशिवाय नाही सांगता येणार. कधी लाल दिसतं आणि सूज नसते. कधी छान गुलाबी दिसतं आणि असते."

पोटात डोकावलेला एकमेव माणूस, आणि तोच बोलायला तयार नाही! मेहुण्याने तर फोनवरून सांगितलं होतं.

रिपोर्ट आला: क्रॉनिक ॲक्टिव्ह गॅस्ट्रायटिस, म्हणजे पोटाच्या अस्तराची सूज, आणि तो दडणारा जंतू, हेलिकोबॅक्टर पायलोरी, आहे. क्रॉनिक, म्हणजे जुनी, कारण लिम्फोसाइट आणि प्लाझ्मा या शरीराच्या संरक्षक पेशी अस्तरात मुक्काम ठोकून बसलेल्या. ॲक्टिव्ह, कारण न्यूट्रोफिल या लढाऊ पांढऱ्या पेशी अजून दाखल होतायत. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ मध्ये हेच जंतू मुद्दाम पिऊन पोट सुजवून घेतलं, आणि २००५ मध्ये सहकारी रॉबिन वॉरन यांच्यासोबत जंतूंच्या शोधाबद्दल नोबेल मिळवलं. मी काहीही न करता तेच साधलं, तर हातात अँटिबायोटिकची चिठ्ठी.

"जंतू गेले का ते नंतर बघू," डॉक्टर म्हणाले. "साधी श्वासाची तपासणी. पिशवीत फुंकायचं."

"मग आधीच फुंकून घेतलं असतं तर?"

"फुंकल्याने जंतू कळतो. अस्तराची काय दशा झालीय ते नाही कळत."

मावशीला मात्र अजूनही वाटतं, पित्तच.